पैनगंगेपलीकडची लाइन

सबस्टेशनात किस्से साठतात कसे, ते आधी सांगतो. ऑपरेटरनं दर तासाला मीटर पाहायचं आणि लॉगशीटवर आकडे टाकायचे, हे आमचं काम. व्होल्टेज अमुक, लोड तमुक. सगळ्यात शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना असायचा, बोटभर रुंद. त्यात 'काही नाही' एवढंच मावायचं! बाकी जे काही घडलं ते गेलं डोक्यात. अशी अठ्ठावीस वर्षं मी 'काही नाही' लिहिलं. आता रिटायर होऊन घरी बसलोय, तर बायको म्हणते, एकदाचं बोलून टाका, झोपेत बडबडता तुम्ही.

तर बोलतो. फक्त एक अट आहे. मध्येच कुणी 'वायरिंग ढिली असेल हो' असं म्हणालं, तर मी उठून जाईन. वायरिंग मी स्वतः तपासलेली आहे!

हे सगळं सत्तरच्या दशकातलं. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोल्यातलं तालुक्याचं गाव. आमचं सबस्टेशन गावाबाहेर, हिंगोली रोडवर, पैनगंगेच्या अंगाला. बैठी इमारत, अंगणात दिवसभर घुमणारा ट्रान्सफॉर्मर आणि आजूबाजूला तुरीची शेतं. माणसं मोजकी. मी मधुकर, ऑपरेटर. आणि शेषराव, आमचा सीनियर लाइनमन. वाळक्या अंगाचा, तोंडात तंबाखू, बोलणं तुटक. खांबावर चढण्याआधी हा माणूस खांबाला हात लावून विचारायचा, "येऊ का बापा वर?" आणि मग चक्क थांबायचा!

मी एकदा म्हटलं, "अरे, सिमेंटचा खांब तो. हो म्हणणार आहे का?"

"तो हो म्हनत नाई," शेषराव म्हणाला. "नाई म्हनते कधीकधी."

* * *

मोठी लाइन यायच्या आधी वाशीमात डिझेल इंजिनवरची वीज होती. दिवेलागणीला इंजिन सुरू व्हायचं आणि त्याची धडधड अर्ध्या गावाला ऐकू जायची. शेषराव तेव्हा त्या इंजिनवर कामाला होता. भिंतीला भिंत लागून मोतीलालशेठची जिनिंग आणि राहतं घर. शेठ पक्के जैन, म्हणून सूर्य बुडाल्यावर अन्नाचा कण तोंडात घालायचे नाहीत. आता सूर्य बुडाला का, हे बघायला रोज गच्चीवर कोण जातो? इंजिनचा पहिला ठोका पडला की शेठ ताटावरचा हात उचलायचे. वीसेक वर्षं हेच चाललं होतं.

मग लाइन आली. इंजिन उचकटून, मालगाडीत घालून कुठंतरी गेलं. शेषराव लाइनमन झाला.

दोन-तीन महिन्यांनी शेठ माझ्याकडं आले. म्हणाले, "मधुकरराव, तुमचं इंजिन आजकाल लवकर सुरू होऊन राह्यलं."

"शेठजी, इंजिन तर गेलं!"

"ते मले माईत आहे. माह्या डोयासमोर गेलं. पन सुरू तं होऊन राह्यलं ना! आदी टायमावर होतं. आता रोज थोडं थोडं अलीकडे येऊन राह्यलं."

मी हसलो. शेठ हसले नाहीत. पंधरा दिवसांनी म्हणाले, चारलाच सुरू होते. मग म्हणाले, दोनला. माणूस अर्धा झाला होता. "आवाज आला का घास तोंडाकडे जातच नाई," म्हणाले. "वीस वर्साची सवय आहे, काय करू?"

एका दुपारी साडेबाराला मी आणि शेषराव मुद्दाम त्यांच्या घरी गेलो. शेठ ताटावर बसले. पहिला घास उचलला आणि हात तिथंच थांबला. मला काही ऐकू आलं नाही, देवाशपथ! पण मी त्यांच्या ताटाशेजारच्या फरशीवर तळवा ठेवला. फरशी थरथरत होती.

शेषराव उठला आणि शेजारच्या रिकाम्या शेडमध्ये गेला. तिथं चौथरा आणि चार गंजके बोल्ट, एवढंच उरलं होतं. चौथऱ्यासमोर उकिडवा बसला. हवेत हात घालून काहीतरी फिरवलं, काहीतरी ओढलं आणि मग हात पुसल्यासारखे केले. मला म्हणाला, "शेवटच्या दिवशी मी सुट्टीवर होतो. बंद दुसऱ्यानंच केलं होतं. त्याले बरोबर जमलं नसन."

दुसऱ्या दिवशी शेठचा माणूस सबस्टेशनवर आला. म्हणाला, शेठजी पोटभर जेवले. आणि हे मलम दिलं आहे, इंजिन बंद करताना शेषरावचा हात भाजला म्हणून.

मी म्हटलं, "काहीतरीच! कुठं भाजला?"

शेषरावनं तळवा पुढं केला.

* * *

आमच्या कामात परमिट नावाची एक चिठ्ठी असते. लाइनमन खांबावर चढायच्या आधी ऑपरेटर लाइन बंद करतो, स्विचला कुलूप घालतो आणि सही करून चिठ्ठी देतो, की बाबा, तू स्वतः ही चिठ्ठी परत करेपर्यंत मी लाइन सोडणार नाही. दिसायला चिठ्ठी, पण लाइनमनचा जीव असतो तो. शिवाय चढल्यावर तो तारांना साखळी लावतो आणि तिचं टोक जमिनीत गाडतो. चुकून लाइन आलीच तर साखळीतून जमिनीत जावी म्हणून.

आसेगावच्या गुलाबरावनं विहिरीवर मोटर बसवली. आधी मोट होती. मोटेचे दोन बैल म्हातारे झालेले, पण विकले नाहीत त्यानं, बाभळीखाली बांधून ठेवले. दुष्काळानंतरचा तो काळ, लाइन पाळीपाळीनं मिळायची, वेळ ठरलेली नाही. गुलाबरावला मात्र बरोबर कळायचं. लाइन यायच्या थोडं आधी दोन्ही बैल उठून मोटेच्या धावेवर, म्हणजे मोट ओढायच्या उतारावर, जाऊन उभे राहायचे! मग हा हात धुऊन मोटरजवळ जायचा.

आता कुठल्या गावाला कधी लाइन द्यायची, हे मला वरून फोनवर कळायचं, तेही ऐनवेळी. म्हणजे बैलांना ऑर्डर माझ्याआधी जात होती! मी साहेबांना सांगितलं, तर साहेब म्हणाले, "मग बैलांनाच ऑपरेटर करू."

एका दुपारी गुलाबरावच्या शेतातल्या खांबावर शेषराव काम करत होता. स्विच बंद, कुलूप लावलेलं, चावी माझ्यासमोर टेबलावर. आभाळ निरभ्र. शेषराव साखळी लावायच्या तयारीत होता, इतक्यात बैल उठले.

गुलाबराव ओरडला, "शेषराव, उतर! बैल उठले!"

"अबे लाइन बंद आहे. परमिट माह्या खिशात आहे!"

"तुह्या खिशात असन, बैलाच्या नाई! उतर म्हनतो ना!"

शेषराव शिव्या देत उतरला. पायातले बूट सोडत होता तेवढ्यात वरच्या चिनीमातीच्या चिमण्यांवरून, म्हणजे इन्सुलेटरवरून, निळा लोळ सळकन गेला. कुठंतरी लांब, मंगरूळपीरच्या पलीकडं, लाइनवर वीज कोसळली होती. गडगडाट नंतर ऐकू आला.

संध्याकाळी शेषराव परमिट परत करायला आला. मी विचारलं, "बैलांना काय दिलंस मग?"

"काय देऊ? विचारलं मी त्याइले, माह्या मरनाचा टाइम बी माईत आहे काय म्हून," तो म्हणाला. "एक बैल मान फिरवून दुसरीकडं पाहाले लागला."

* * *

आता नदीपलीकडं जाऊ. आमचा वऱ्हाड, पलीकडं मराठवाडा. जुन्या काळी ती निजामाची हद्द. आमची वीज एका बाजूनं यायची, त्यांची दुसऱ्या बाजूनं. मग कुणाच्या तरी डोक्यात चांगली कल्पना आली, की दोन्हीकडून खांब गाडून नदीवर तारा जोडायच्या. आमच्याकडं लाइन गेली की त्यांनी द्यायची, त्यांच्याकडं गेली की आम्ही. शेजारणी विरजण मागतात, तसं! शेजारधर्म चांगला, पण त्यात एक भानगड होती. या लाइनला दोन टोकं होती. त्यावर माणूस चढवायचा तर परमिट दोन्हीकडून लागायचं. माझं कुलूप आणि त्यांचं कुलूप.

पलीकडचे ऑपरेटर गंगाधरराव. त्याच खांबांवर विजेच्या तारांखालून फोनची तार होती, हँडल फिरवून बोलायचं. सात वर्षं रोज बोललो. त्यांचा खोकला मला ठाऊक, मुलीचं सासर ठाऊक, गुडघ्याचं दुखणं ठाऊक. चेहरा तेवढा पाहिला नव्हता. दोघंही ड्यूटीला बांधलेले, नाहीतर मधल्या वाटेला सायकलवर निघालो तर अर्ध्या तासात भेटलो असतो.

एकदा भर दुपारी त्यांचा फोन. "मधुकरराव, लाइन पाठवायलोय. घेतली का?"

"नाही अजून. माझा स्विच बंदच आहे."

"मग कोण वापरायलंय?"

"म्हणजे?"

"अहो, मीटर हलायलंय! एका घराएवढा लोड दाखवायलंय बघा."

मधल्या तारेवर एकसुद्धा कनेक्शन नव्हतं. शेषराव सगळी लाइन पायी फिरून आला. म्हणाला, नदीच्या पल्याड निजामाच्या वक्ताचा जकातीचा पडका नाका आहे, छप्पर नाही, दार नाही, दोन भिंती उभ्या आहेत. आपली तार त्याच्यावरून जाते, पण तिला काही जोडलेलं नाही.

"आत पाहिलंस?"

"पाह्यलं. झाडून ठेवलेलं होतं."

गंगाधररावांना मी हे कळवलं. ते बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "राहू द्या मधुकरराव. सरहद्दीवर कुणीतरी ड्यूटीला लागतंच."

* * *

वाशीमच्या बाजारात उस्मानभाई दर्जी होते. त्यांच्या दुकानात जुना रेडिओ. उस्मानभाई तरणे असताना निजामाकडून नदी ओलांडून इकडं आले, ते इथंच राहिले. त्यांचं म्हणणं असं, की आपली लाइन असली की रेडिओवर नेहमीची स्टेशनं लागतात आणि पलीकडची लाइन घेतली की एक उर्दू स्टेशन लागतं. निजामाच्या जमान्यातलं, बंद होऊन पंचवीसेक वर्षं झालेलं!

एका रविवारी माझी सुट्टी होती. मी आणि शेषराव पायजम्याचं माप द्यायला दुकानात बसलो होतो. चारच्या सुमाराला दिवा मिणमिणला आणि परत लागला. मी ओळखलं, पलीकडची लाइन घेतली. रेडिओ खरखरला. मग एक गोड, सावकाश आवाज. कुठल्या कुठल्या गावचं हवामान, कुठल्या नवाबाचा दौरा. उस्मानभाई कात्री ठेवून हात जोडून ऐकत बसले.

मग तो आवाज म्हणाला, "वाशिम में उस्मान दर्जी की दुकान पर इस वक़्त चार आदमी बैठे हैं."

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. उस्मानभाई, मी, शेषराव. तीन!

शेषराव उठला. "मी चाललो बाहेर," म्हणाला. "त्याचा हिशोब चुकला असन, तं सुधरवून घेईन." आणि खरंच पायात चपला घालून रस्त्यापलीकडं जाऊन उभा राहिला.

रेडिओ परत खरखरला. मग अगदी अदबीनं म्हणाला, "अब तीन."

दुकानात मी आणि उस्मानभाई दोघंच होतो.

उस्मानभाईंनी रेडिओची पिन उपटली. माझं माप मात्र त्यांनी पुरं घेतलं नाही, पायजमा आखूड झाला तो झालाच.

* * *

हा शेवटचा. याला मी अजून घाबरतो, म्हणून जरा नीट सांगू द्या.

पोळा होऊन आठ दिवस झाले होते. पैनगंगा दोन्ही थड्या भरून चालली होती. आमची इकडची लाइन वादळात ठिकठिकाणी तुटलेली, त्यामुळं आता नदीपलीकडूनच लाइन घ्यायची होती. आणि नेमकी तीसुद्धा नदीकाठी तुटली. शेषराव सकाळीच गेला. माझं परमिट घेतलं, गंगाधररावांनीही फोनवर परमिट दिलं. दोन्ही कुलपं लागली. नदीवरची लाइन लांब, म्हणून तिथलं परमिट फोनवर परत करायची मुभा होती. लाइनमनकडं फोनचा डबा असायचा, खांबावर बसूनच तारेला चिमटे लावून बोलता यायचं. परत करतानाचे शब्द ठरलेले.

मला काळजी होती ती शेषरावची. थोरल्या मुलीचं लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं. सकाळी निघताना माझ्याकडून सही घेताना म्हणाला होता, "नीट करा मधुभाऊ, पोरीच्या पत्रिकेवर माह्यं नाव जिवंत मानसाचं पाह्यजे." मी म्हटलं, गप बस लेका, सकाळी सकाळी काय अभद्र बोलतोस!

दुपारी दवाखान्यातून दोनदा निरोप आला. एक बाई अडली आहे, कंदिलावर काम चाललंय, लाइन कधी येते? ती बाई आणि तिचं लेकरू दोघंही सुखरूप राहिली, हे मी आधीच सांगून टाकतो. पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं. मी फोनकडं डोळे लावून बसलो होतो.

तीन वाजता फोन वाजला.

"मधुभाऊ. मानसं उतरली, सामान उतरलं, साखळी काढली. लाइन घ्या."

शेषरावचाच आवाज. शब्द बरोबर. मी "ठीक" म्हटलं आणि चावी उचलली. कुलपाला चावी लावली आणि काहीतरी खटकलं.

नदी ऐकू आली नव्हती.

सकाळी दहाला त्याच खांबावरून शेषरावनं फोन केला होता, तेव्हा पाण्याच्या गर्जनेत त्याला ओरडून बोलावं लागलं होतं. आता मागं काहीच नव्हतं. पाणी नाही, वारा नाही. बंद खोलीत कुणी कानाशी बोलावं तसा आवाज. फोन चालूच होता. मी विचारलं, "शेषराव, पाणी कितीक आहे रे नदीला?"

"मानसं उतरली, सामान उतरलं, साखळी काढली. लाइन घ्या."

अगदी त्याच सुरात! मी फोन ठेवला. माझ्या स्विचचं कुलूप मी तसंच राहू दिलं, पण लाइनला दोन टोकं. असाच फोन गंगाधररावांना गेला असेल तर? आणि लाइन तर आज तेच सोडणार होते! मी हँडल फिरवलं. पलीकडं घंटी वाजत राहिली. कुणी उचलेना. सात वर्षांत पहिल्यांदा गंगाधररावांनी फोन उचलला नाही. माझ्या डोळ्यांसमोर आलं, की ते स्विचजवळ उभे आहेत.

शेवटी खांबावर फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"घ्या ना लाइन, मधुभाऊ. काहून थांबले?"

मागं नदी नव्हतीच.

मी चावी मुठीत धरली. ड्यूटीवर सबस्टेशन सोडणं म्हणजे नोकरी गेली, हे मला ठाऊक होतं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'नदीवर जात आहे.' आणि सायकल काढली.

तो अर्धा तास मी कसा गेलो ते मलाच माहीत. रस्त्याच्या कडेनं तीच लाइन चाललेली. प्रत्येक खांबाकडं वर पाहत होतो, घुमायला लागली का, ठिणगी पडली का. रडत होतो, खोटं कशाला सांगू? त्याच्या पोरीला काय सांगायचं, एवढंच डोक्यात. माझ्या सहीवर वर चढलेला माणूस तो.

पुलाजवळ आलो. पाण्याचा आवाज एवढा, की स्वतःची हाक स्वतःला ऐकू येईना. शेषरावच्या सोबतचे मजूर लांब दुसऱ्या खांबाकडं तार ओढत होते. आणि खांबाच्या टोकाला पट्टा बांधून शेषराव, उतरलेला नाही, जिवंत! मी देवाचं नाव घेतलं. मग नीट पाहिलं. त्याच्या एका हातात फोन होता, कानाला लावलेला, आणि मान डोलावत होता. दुसरा हात साखळीच्या चिमट्यावर होता.

"साखळी काढू नकोस! शेषराव! उतर खाली!"

पुलावरून आणखी एक सायकल येत होती. एक जाडा, घामानं निथळणारा माणूस, चष्मा नाकावर घसरलेला, तोही वर पाहून ओरडत होता, "अहो साखळी काढू नका! उतरा, उतरा!" सायकल टाकून दिली आणि धापा टाकत माझ्याजवळ आला. आणि खोकला. तो खोकला मी ओळखला.

"गंगाधरराव?"

"मधुकरराव?"

त्यांनी मूठ उघडली. आत त्यांच्या स्विचची चावी. मी माझी मूठ उघडली. गंगाधरराव म्हणाले, "मला पण आला फोन. बरोबर तीनला. त्यात पाणीच वाजेना. सायकल काढायलो तर परत घंटी वाजायली. उचलायची छातीच झाली नाही बघा."

शेषरावनं आता खाली पाहिलं. मला पाहिलं, गंगाधररावांना पाहिलं. फोनमध्ये काहीतरी बोलला. बराच वेळ ऐकत राहिला. पुन्हा आमच्याकडं पाहिलं. आम्ही दोघं हात हलवून, घसा फोडून ओरडत होतो. त्याचा हात साखळीवर तसाच. किती वेळ गेला कोण जाणे, मला तर जन्म गेल्यासारखं वाटलं.

मग त्यानं फोन सोडून दिला. साखळीवरचा हात काढला आणि हळूहळू उतरायला लागला.

उतरला, पण आमच्याजवळ आला नाही. सात-आठ हात लांब, खांबाला पाठ लावून उभा राहिला.

"फोनवर तुमी दोघं होते," म्हणाला. "पयले मधुभाऊ बोलले, मंग गंगाधरराव. म्हने दोन्हीकडून कुलूप पक्कं आहे, साखळी काढून टाक. मी चिमट्याले हात घातला, तेवढ्यात तुमी खाली दिसले. मी फोनवर विचारलं, हे कोन आले? तं म्हने, खाली जे दोघं उभे आहेत ते आमी नव्हं. ते काई बी म्हनतीन, उतरू नको."

मला राहवेना. मी त्याला मिठी मारायला पुढं झालो. तो खांबाच्या मागं सरकला.

मी थांबलो. म्हटलं, "अरे शेषराव, मग तुला कळलं कसं, की आम्हीच खरे?"

"कयलं कुठं?" शेषराव म्हणाला. "एक जोडी म्हने उतरू नको, एक जोडी म्हने उतर. अशा वक्ताले लाइनमननं उतराचं असते, एवढंच मले माईत."

मग एकदा माझ्याकडं, एकदा गंगाधररावांकडं पाहत तो म्हणाला, "तुमी दोघं त्यातले कोनते, ते मले अजून बी पक्कं माईत नाई, मधुभाऊ."